तबकडी थांबते तिथं

आमच्या घरी ग्रामोफोन कधीच नव्हता. रेकॉर्ड मात्र होती. एकच, आणि ती अक्काची होती.

अक्का म्हणजे माझी आई, मीनाक्षी. तिच्या माहेरी, गडहिंग्लजला, आईला अक्का म्हणत. तेच तिनं माझ्या तोंडी घातलं. रेकॉर्ड तिला भाऊबीजेला मिळाली होती. यज्ञेश्वरमामानं ओवाळणीच्या ताटात कागदात गुंडाळलेली तबकडी ठेवली, तेव्हा माझी विधवा आत्या, जिला घरात सगळेच ताई म्हणत, चटकन म्हणाली, "भावानं झोपाळ्याच्या कड्या दिल्यान् गं मीनाक्षी. आता आढं शोध."

अक्का हसली नाही आणि रागावलीही नाही. तिनं कागद सोडला, तबकडीच्या मधोमध छापलेली अक्षरं वाचली आणि कागद पुन्हा होता तसा गुंडाळला. अक्षरं होती, 'तुंगाबाई कागवाडकर'.

हे नाव तिला बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं. गडहिंग्लजला तिच्या वडिलांच्या मिरचीच्या दुकानासमोर एका मोठ्या घरचं लग्न होतं आणि त्यासाठी कागवाडहून तुंगाबाईंना गाण्याला बोलावलं होतं. बायकांना माडीवर, चिकाच्या पडद्याआड बसवलं होतं. पडद्याच्या फटीतून अक्काला बाईंचा एकच हात दिसत होता. मनगटभर हिरव्या बांगड्या आणि मांडीवर ताल धरणारी बोटं. चेहरा दिसला नाही. बाईंनी देवीचं एक पद धरलं, 'सांज झाली माये, दार लोटू नको.' ते चांगलं रंगात आलं असताना खाली कुणी पाहुणा पिऊन बरळायला लागला आणि आजीनं अक्काचा दंड धरून तिला तिथून उठवलं. "पोरीबाळींनी ऐकलं एवढं पुरे," ती म्हणाली. पदाचा शेवट तसाच राहिला.

मामानं आणलेल्या तबकडीवर तेच पद होतं. पण तबकडी तीन मिनिटांची. बाईंना शेवटचं कडवं आवरतं घ्यावं लागलं असणार. 'दार लोटू नको'मधल्या 'नको'वर त्या येतात, सूर वर चढायला लागतो आणि तिथंच गाणं संपतं. मग नुसती खरखर.

"तबकडी संपती म्हणून त्या थांबत्यात," अक्का म्हणायची. "बैठकीत बसल्या तर तिथनं पुढं कुठं जात असतील?"

हे ती कुणाला विचारत नसे. मेथी निवडता निवडता, मान खाली घालूनच म्हणे. मी जवळ असले तर मला ऐकू येई, एवढंच.

दादा, म्हणजे माझे वडील त्र्यंबकराव, दरबारच्या कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं, कचेरीची पाटी बदलली, दादांचं टेबल तेच राहिलं. घरात त्यांचं बोलणं मोजकं. गाणं काय आणि गिरणीचा भोंगा काय, त्यांच्या लेखी दोन्ही वेळ कळण्यापुरती. ग्रामोफोन घ्यायला त्यांनी नकार दिला असं नाही. ते अक्कानं त्यांना कधी विचारलंच नाही. तुंगाबाईंना ते 'तुझी ती बाई' म्हणत. त्यात राग नसे, उत्सुकताही नसे.

अक्काला गाणं ऐकवलं ते परसातल्या भिंतीनं. भिंतीपलीकडं शमशुद्दीनचाचांचं घर होतं. ते ग्रामोफोन दुरुस्त करायचे. महाद्वार रोडवर एका दुकानाच्या पायरीवर बसून कामं घ्यायची आणि मशीन घरी आणून परसातल्या छपराखाली उघडायचं. दुरुस्त झालेलं मशीन वाजवून बघायला त्यांना एखादी रेकॉर्ड लागायची. त्यांची बायको खैरुनबी एकदा भिंतीवर कोपरं टेकून अक्काला म्हणाली, "वैनी, तुमची ती रेकॉर्ड पेटीत पडून कुजणार हाय. आमच्यात द्या की. ह्यांचं काम हुईल आणि तुमचं ऐकणं हुईल."

तेव्हापासून कोल्हापुरातला दुरुस्त झालेला जवळपास प्रत्येक ग्रामोफोन मालकाच्या घरी जायच्या आधी तुंगाबाईंचं पद म्हणून जायचा.

दुपारी दादा कचेरीत असत, ताई जेवून आडव्या झालेल्या असत. अक्का धुणं घेऊन परसात जाई. "वैनी," पलीकडून खैरुनबीचा आवाज येई, "आज वकिलांचा फोनो आलाय. चार डाव तरी वाजंल. धुणं जरा जास्त काढा." मग चावी दिल्याचा कुरकुर आवाज आणि पाठोपाठ बाईंचा सूर. अक्का ओला पिळा हातात धरून उभी राही. पाणी तिच्या पायांवर गळत असे.

"कसं वाटतंय, वैनी?" चाचा भिंतीआडून विचारत. त्यांनी तिचा चेहरा कधी नीट पाहिला नसेल आणि तिनंही त्यांचा.

"जरा हळू फिरतंय. बाई दमल्यागत वाटत्यात."

चाचा आत काहीतरी फिरवत. पुन्हा सूर.

"आता घाई झाली त्यांस्नी."

"आणि आता?"

"आता बरोबर."

"झालं मग," चाचा म्हणत. "वैनीनं पास केला."

मशीनचा वेग ती कानानं सांगे आणि सहसा चुकत नसे. हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण त्या वयात मला वाटे, सगळ्यांच्याच आया असं सांगू शकत असतील.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. नवरात्राच्या आधी आठ-दहा दिवस ताई देवळातून आल्या आणि पायावर पाणी घेताना म्हणाल्या, "मीनाक्षी, ऐकलंस का? तुझी कागवाडची बाई सप्तमीला अंबाबाईपुढं सेवा करणार आहे म्हणे. गरुड मंडपात, तिसऱ्या प्रहरी."

अक्का चुलीपुढं होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. "व्हय?" एवढंच म्हणाली. पण तव्यावरची भाकरी तिनं उलटली नाही. वास सुटला तेव्हा ताईच ओरडल्या.

देवळात जायला बाईमाणसाला कुणाची परवानगी लागत नाही, पडद्याआड बसावं लागत नाही. त्या आठवड्यात अक्का वेगळीच झाली होती. बोटांच्या पेरांवर ती सारखी काहीतरी मोजायची, मग मान हलवायची. हिशेब मनासारखा येत असावा. पेटीतलं इरकल काढून तिनं उन्हात टाकलं. कासारणीकडून दोन्ही हातांत मनगटभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. "कुणाचं लग्न आहे गं?" ताईंनी विचारलं. अक्का हसली. तिचे वरचे दोन दात थोडे पुढं होते, म्हणून ती हसताना ओठ मिटायची. त्या दिवशी मिटले नाहीत.

षष्ठीला सकाळी मी उठले तर चुलीपुढं ताई होत्या. अक्का मागच्या पडवीत घोंगडीवर बसली होती. शेजारी तांब्या आणि भांडं.

"कावळा शिवलाय," ताई म्हणाल्या. "जाऊ नको जवळ."

चार दिवस आधी आलं होतं. बोटांवरचा हिशेब चुकला होता. तीन दिवस ती पडवीतून आत येणार नव्हती, चौथ्या दिवशी न्हाऊन मग घरात. देवळाचं तर नावच काढायला नको. मी दारात उभी राहून तिच्याकडं बघत राहिले. ती बांगड्या पुढं-मागं करत होती.

"ताई, तिनं देवळाबाहेर थांबून ऐकलं तर?" मी विचारलं.

"देवीच्या दारात? नवरात्रात? शहाणी आहेस!" ताई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "मला काय बरं वाटतंय होय गं? पण असतं ते असतं."

अक्कानं वाद घातला नाही. तिचाही देवीवर तेवढाच विश्वास होता, तेच तर होतं. सप्तमीला दुपारी तिनं मला पडवीच्या दाराशी बोलावलं.

"तिथंच थांब, शिवू नकोस. कुमे, तू ताईंच्यासंगं जातीस न्हवं?"

"हो."

"सगळं ध्यानात धरू नकोस, तुला जमणार न्हाई. एवढंच कर. 'दार लोटू नको' म्हणत्यात न्हवं, 'नको'वर वर जात्यात. तिथनं पुढं काय करत्यात तेवढं नीट ऐक. आणि मला येऊन म्हणून दाखव."

तिनं ती ओळ मला तीनदा म्हणून दाखवली. आवाज इतका बारीक, की स्वयंपाकघरात ताईंना ऐकू जाऊ नये. मीही म्हटली. तिसऱ्यांदा तिनं मान हलवली. "येताना वाटेत कुणाशी बोलू नकोस," ती म्हणाली. "बोललीस की जाईल."

मंडपात गर्दी मावत नव्हती. ताईंनी मला एका खांबाशी बसवलं आणि माझ्या परकराचा काठ आपल्या मांडीखाली घेतला, हरवू नये म्हणून. पुढच्या बायकांच्या अंबाड्यांपलीकडं मला बाई दिसल्याच नाहीत. आधी पेटी बराच वेळ वाजली. मग आवाज आला. भिंतीपलीकडून यायचा त्याच्यापेक्षा तो कितीतरी मोठा होता, आणि खरखर नव्हती. मला आठवतं, मला तो ओळखूच आला नाही. बाईंनी एक लांबलचक काहीतरी सुरू केलं. त्यात शब्द थोडे आणि फिरणंच फार. खांब गार होता. उदाचा धूर डोळ्यांत जात होता, म्हणून मी डोळे मिटले.

घंटेनं जाग आली. माणसं उभी राहत होती. ताई मला हलवत होत्या. "ऊठ, अगं ऊठ, आरती." पुढं कुणीतरी पेटीवर कापड घालत होतं.

घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतंच.

दिवेलागण झाली होती. अक्का पडवीच्या पायरीवर, गुडघ्यांना हात बांधून बसली होती.

"म्हटलं?"

"हो."

"तेच?"

"हो."

"म्हण बघू."

मी ओळ म्हटली. 'सांज झाली माये, दार लोटू नको.' 'नको'वर सूर वर नेला आणि थांबले. पुढं काय हे जगात मला सोडून सगळ्यांना माहीत आहे असं मला वाटत होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडं खैरुनबी कोंबड्या खुराड्यात बोलवायला लागली. रोज संध्याकाळी बोलवायची तशीच. आधी एक लांब हाक, मग ती वळवून, तीन पायऱ्यांनी खाली, शेवटी नुसता श्वास. मी तेच उचललं. 'नको' तसंच वळवलं आणि तीन पायऱ्यांनी खाली आणून सोडलं.

अक्कानं डोळे मिटले होते.

"परत म्हण."

मी परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. आता ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

"असं व्हय," ती म्हणाली. "खाली येत्यात व्हय त्या. मला इतकी वर्षं वाटत होतं, वरच जात असतील."

अंधारात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. तिनं हात पुढं केला, मग शिवायचं नाही हे आठवून मागं घेतला.

चौथ्या दिवशी न्हाऊन ती चुलीपुढं आली आणि पीठ मळताना पद गुणगुणू लागली. 'नको'वर थांबली नाही. वळली आणि तीन पायऱ्या उतरली.

मग ते आमच्या घरात राहिलंच. भांडी घासताना, अंथरुणं घालताना, दादांच्या धोतराला नीळ देताना. मी सातवीत गेले, हायस्कुलात गेले. सांगून टाकावं असं सुरुवातीला रोज वाटायचं, मग कधीमधी, मग तेही गेलं. एखादं खोटं रोज वापरात असलं की घरातल्या भांड्यासारखं होतं. त्याला कुठून आणलं हे कुणी विचारत नाही.

दरम्यान चाचांची कामं कमी होत गेली. ज्यांच्याकडं मशीनं होती ते आता रेडिओ घेऊ लागले होते. एका उन्हाळ्यात ते दोघं इचलकरंजीला खैरुनबीच्या भावाकडं, मागावर कामाला निघून गेले. जायच्या आदल्या दिवशी खैरुनबीनं भिंतीवरून रेकॉर्ड परत दिली. "झिजली वैनी, लई झिजली," ती म्हणाली. "आता नुसता पाऊस पडल्यागत वाजती. माफ करा." अक्कानं ती घेतली आणि पदरानं पुसली. पलीकडं नवे बिऱ्हाडकरू आले. त्यांनी भिंत हातभर उंच केली. अक्का दुपारी धुणं घेऊन तरीही जाई, तिथंच उभी राही, आणि लवकर परत येई.

रेकॉर्ड इरकलाच्या घडीत पेटीत गेली.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी दादांनी रेडिओ घेतला, बातम्यांसाठी. एका रविवारी संध्याकाळी ते काटा फिरवत असताना धारवाड लागलं. निवेदक कानडीत काहीतरी म्हणाला आणि त्यात ते नाव आलं. दादांनी हात थांबवला. मला अजून आश्चर्य वाटतं, पण त्यांनी स्वतः हाक मारली.

"अगं ए, बाहेर ये. तुझी ती बाई."

अक्का ओले हात पदराला पुसत आली. खुर्चीवर बसली नाही. उंबऱ्याशी, चौकटीला टेकून खाली बसली. बाईंचा आवाज जाड झाला होता, मधूनच कापत होता. "म्हातारी झाली की हो," ताई म्हणाल्या. आधी दुसरं एक झालं आणि मग ते पद सुरू झालं. अक्काची बोटं मांडीवर हलू लागली. मी तिच्याकडं बघत नव्हते. मी रेडिओच्या पिवळ्या उजेडाकडं बघत होते. शेवटचं कडवं आलं. 'दार लोटू नको.' 'नको'वर सूर वर चढायला लागला.

आणि थांबला. तबकडी थांबते तिथंच, तसाच, जसा काही कुणी हात आडवा घातला होता. बाई इतकी वर्षं ते तसंच म्हणत आल्या असाव्यात.

निवेदक बोलू लागला.

"झालं?" दादांनी विचारलं.

"झालं," अक्का म्हणाली.

"बरं होतं," दादा म्हणाले. थोडं थांबून, "मग बातम्या लावू?"

"लावा की."

ती उठून आत गेली. मी मागोमाग गेले. चुलीवर दूध होतं, ती त्यावरची साय डावानं हलवत होती.

"दम पुरत न्हाई आता त्यांस्नी," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "वय झालं. म्हणून सोडून दिलं तिथं. देवळात म्हटलं तेव्हा दम होता."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. सात वर्षं बसलेच होते. पण ती बाईंची बाजू घेऊन बोलत होती, माझ्या खोट्याच्या आधारानं, आणि ते मला सोसलं नाही.

"अक्का, मी त्या दिवशी देवळात झोपले होते."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "ताईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. बाईंनी पद म्हटलं आणि पोर खांबाला टेकून घोरत होती, म्हणाल्या."

"मग तू ते म्हणत का राहिलीस?"

"झोपलं तरी पोरांचे कान उघडे असत्यात की." तिनं डाव खाली ठेवला. "मला वाटलं, तसंच शिरलं असंल तुझ्या कानात. तुला ठाऊक नसताना. नाहीतर नऊ वर्षांच्या पोरीला ते कुठनं सुचणार?"

मी उत्तर द्यायला नको होतं.

"खैरुनबी कोंबड्या बोलवत होती," मी म्हणाले. "ते तिचं आहे."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आलं. ओठ न मिटता, खांदे हलेपर्यंत ती हसली. "अगं बाई!" ती म्हणाली. "कोंबड्या! म्हणून इतकं ओळखीचं वाटायचं व्हय!" डोळ्यांना पदर लावून ती हसत होती, आणि मीही हसले, सुटल्यासारखी. बाहेरून ताईंनी विचारलं, "काय गं, काय झालं?" "काही न्हाई," अक्का म्हणाली. दूध वर आलं, तिनं ते उतरवलं.

मग हसू ओसरलं. दूध गाळलं, भांड्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"बरं केलंस सांगितलंस ते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती धुणं घेऊन परसात गेली तेव्हा मी खिडकीशी अभ्यासाला बसले होते. ती पद गुणगुणत होती. शेवटच्या कडव्याला आली, 'नको'वर चढली. मी पुस्तकातून मान वर केली. तिनं हातातला पिळा झटकला, दोरीवर टाकला आणि दुसरा घेतला. पद तिथंच राहिलं होतं.

अजूनही ती ते तिथंच सोडते.